पाठमोरी पैज

मनुष्यजातीने आजवर तीनच खरे शोध लावले: विस्तव, चाक आणि वेळेवर थांबण्याची अक्कल. यांतले पहिले दोन केनियातल्या आमच्या चावाकलीपर्यंत येऊन पोचले आहेत. तिसरा वाटेत कुठेतरी अडकला असावा. किसुमूकडून येणारा रस्ता तसा खराबच आहे.

माझा भाचा एल्फस दूध संघात नोकरीला आहे. दूध गार ठेवायच्या मोठाल्या टाक्यांवर त्याची नेमणूक. साऱ्या मुलखाचं दूध तो गार ठेवतो, स्वतः मात्र दर शुक्रवारी संध्याकाळपासून तापायला लागतो. कारण शुक्रवारी सिमिऑन न्हावी भाकीत सांगतो.

सिमिऑन केस कापता कापता आठवड्याअखेरच्या फुटबॉलच्या आठ सामन्यांचे निकाल आधीच सांगून टाकतो. कोण जिंकणार, कोण हरणार, सगळं. त्याच्या खुर्चीतून नुसते केस कापून उठलेला माणूस मी पाहिलेला नाही. मग जो तो आपापल्या मोबाइलवर पैजेचं ॲप उघडतो आणि तंतोतंत तेच आठ सामने लावतो. आठही बरोबर आले तर घबाड, एक जरी चुकला तरी सगळ्यावर पाणी. त्यामुळे शनिवारी आमच्याकडे अख्खा बाजार एकाच क्षणी हरतो. इतका एकोपा चर्चमध्येसुद्धा दिसत नाही.

एल्फसचं लग्न ट्रुफेनाशी ठरत होतं. मुलगी गुणी, नर्सिंग शिकलेली, आणि एल्फसचे सगळे दोष माहीत असूनही त्याच्यावर जीव लावणारी. अडचण होती ती तिच्या वडिलांची. वडीलधाऱ्या माणसाला आमच्याकडे म्झे म्हणतात; हे म्झे हेझ्रॉन म्हणजे निवृत्त हेडमास्तर, चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसणारे. त्यांच्या थोरल्या जावयाने मोटरसायकल विकून ते पैसे एका संघावर लावले होते. तो संघ अजून खेळतो आहे. जावई पायी हिंडतो आहे. तेव्हापासून म्झे हेझ्रॉननी घरात कायदा केला होता: पैज लावणाऱ्याला मुलगी द्यायची नाही. बोलणी झाली की जेवणाआधी मुलाने बायबलवर हात ठेवून शपथ घ्यायची आणि मग कोंबडीला हात लावायचा.

बोलणीच्या दिवशी आम्ही सगळे व्हॅनमध्ये दाटीवाटीने बसून निघालो. एल्फस माझ्या शेजारी. आमच्या बाजूने बोलणारा मी, म्हणून मला खिडकी मिळाली होती.

"मामा," तो कानाशी लागला, "एक भानगड आहे."

"लग्न करायला निघालास आणि भानगड एकच? नशीबवान आहेस."

"सिमिऑनचे सात आले."

मी मान वळवून त्याच्याकडे नीट पाहिलं. सिमिऑनचे सात कधीच आले नव्हते. चारच्या पुढे गेल्याचं कोणाच्या ऐकिवात नव्हतं.

"आणि आठवा?"

"नॉर्वे. दुसऱ्या दर्जाची लीग. थोड्या वेळात सुरू होईल."

"नॉर्वेचं आणि सिमिऑनचं काय नातं रे?"

"ते विचारू नका. मामा, ट्रुफेना कालपासून मागे लागली आहे. म्हणते, शपथ घ्यायच्या आधी ती पैज बंद कर. खोटी शपथ घेतलीस तर मीच सगळ्यांसमोर उभी राहून सांगेन आणि लग्न मोडेन. ती करेल हो तसं."

"मग बंद कर की. तुमच्या त्या ॲपमध्ये बटण असतं ना?"

असतं. हिरवं असतं. सामना संपायच्या आत ते दाबलं की पैज तिथल्या तिथे बंद होते आणि त्या घडीला ॲप जे देईल ते आपलं. हे मलाही ठाऊक आहे. मी सिमिऑनकडे फक्त केस कापतो, पण कान उघडे असतात.

"आत्ता दाबलं तर निम्मेसुद्धा मिळत नाहीत," एल्फस म्हणाला. "एक गोल होऊ दे. मग लगेच दाबतो. घाईत बोट अडखळू नये म्हणून सकाळीच मोबाइलचं कुलूपसुद्धा काढून ठेवलंय."

एवढी तयारी या पोराने बारावीला केली असती तर!

म्झे हेझ्रॉनच्या फाटकातच त्यांची थोरली बहीण, पेरिस आत्या, केळीच्या सोपटाची टोपली घेऊन उभी होती.

"या, या. मोबाइल इथे टाका आणि मग आत या."

"मोबाइल?" एल्फसचा आवाज चिरकला.

"मग काय चपला? थोरलीच्या बोलणीत आम्ही गाईंचा आकडा सांगत होतो, आणि तुमच्यासारखाच एक पाहुणा मांडीवर मोबाइल ठेवून 'गोल!' म्हणून ओरडला. त्याच्या माणसांना वाटलं आकडा मान्य झाला. दोन्हीकडचे म्हातारे महिनाभर भांडले. टाक."

यजमानांनाही सूट नव्हती. उदाहरण घालून द्यावं म्हणून सर्वांत आधी म्झे हेझ्रॉननीच आपला मोबाइल टोपलीत ठेवला. असा ठेवला की जणू चर्चच्या दानपात्रात टाकताहेत. मागोमाग सगळ्यांचे पडले. गेल्या निवडणुकीत आमच्या खासदाराने घरोघरी मोबाइलची कव्हरं वाटली होती, पाठीवर स्वतःचा फोटो असलेली. त्यामुळे टोपलीत आता डझनभर खासदार एकमेकांच्या अंगावर पडून हसत होते. पेरिस आत्याने टोपली उचलली आणि मागच्या चुलीच्या खोपटात नेऊन ठेवली.

बोलणी सुरू झाली. बोलणी म्हणजे काय, तर मुलगी द्यायची म्हणून त्यांनी आपल्याकडे गाई मागायच्या, आपण दुष्काळाची आठवण काढायची. त्यांनी मुलीच्या शिक्षणाचं सांगायचं, आपण म्हणायचं की तेवढ्या शिकलेल्या मुलीला गाईंत कशाला मोजता. मला या कामाची आवड आहे. पण त्या दिवशी लक्ष लागेना, कारण बाजूला एल्फसचा गुडघा शिवणयंत्रासारखा हलत होता. टेबल हलत होतं. टेबलावरचं बायबलही हलत होतं.

"पोराला थंडी वाजते का?" म्झे हेझ्रॉननी विचारलं.

"दूध संघात असतो ना," मी म्हणालो. "गारवा अंगात मुरलाय."

शेवटी एल्फस उठला, पोट धरून "जरा मागे जाऊन येतो," म्हणाला आणि गेला. पुढचं त्यानेच मला नंतर सांगितलं, आणि सांगताना तो हसत नव्हता.

खोपटाच्या दारात पोचल्यावर त्याच्या ध्यानात आलं की टोपली आत आहे, आणि आत चुलीपाशी रिस्पा, म्हणजे त्याची होणारी सासू, बसली आहे. आता आमच्याकडे जावई आणि सासू एकमेकांकडे बघत नाहीत. हात मिळवत नाहीत, एका बाकावर बसत नाहीत, रस्त्यात समोर आले तर एक जण झुडपात शिरतो. रिस्पाने चाहूल ओळखली, डोक्यावर पदराचं कापड ओढलं आणि तोंड भिंतीकडे केलं. एल्फसही रीतीचा मुलगा. तो उंबऱ्याच्या आत आला तो पाठमोरा, आणि दाराकडे तोंड करून उभा राहिला. दोघांच्या पाठी एकमेकींना छान दिसत होत्या.

बोलायचं झालं तर कशाशी तरी बोलायची सोय आहे. रिस्पा भिंतीला म्हणाली, "भिंती गं, पाहुण्यांना पाणी हवंय का विचार बाई."

एल्फस दाराला म्हणाला, "दारा रे, सांग त्यांना, काही नको. वाट चुकलो."

"भिंती गं, सांग त्यांना, वाट चुकणारे डाव्या हाताला जातात. संडास तिकडे आहे."

हे चालू असताना एल्फसचा उजवा हात मागच्या मागे टोपलीत शिरला होता. वळून पाहिलं तर सासू दिसणार, म्हणून पाहायची सोय नव्हती. बोटांना जो खासदार आधी लागला तो त्याने उचलला, कोटाखाली घातला आणि केळीच्या बनात पळाला.

मोबाइलला कुलूप नव्हतं. त्याच्या मोबाइललाही नव्हतंच. ॲप तेच. आठ सामने तेच. सात हिरवे, आठवा चालू, नॉर्वेचा तो जीभ दुमडणारा संघ एका गोलने पुढे. आणि खाली हिरवं बटण. बटणावरचा आकडा त्याने धरला होता त्याच्या दुपटीहून मोठा होता. एल्फसला वाटलं, खरं वागायला निघालं की देव असा मदतीला येतो. त्याने बटण दाबलं. 'नक्की ना?' ॲपने विचारलं. नक्की. मग तो पाठमोराच खोपटात आला, मोबाइल टोपलीत सोडला, दाराचे आभार मानले आणि आमच्यात येऊन बसला.

"झालं," तो कुजबुजला. गुडघा थांबला होता. "मामा, दुप्पट मिळाले!"

"तुझं गणित पहिल्यापासून कच्चं," मी म्हणालो. पण मलाही बरं वाटलं, आणि त्या भरात मी एक गाय जास्त कबूल करून बसलो.

बोलणी आटोपली. म्झे हेझ्रॉन उभे राहिले, बायबल पुढे सरकवलं. दाराच्या चौकटीत ट्रुफेना येऊन थांबली. तिने एल्फसकडे पाहिलं. एल्फसने तिला बारीकशी मान हलवून दाखवली. तिचा श्वास सुटलेला मला इथवर ऐकू आला.

"बोल," म्झे म्हणाले.

"माझ्या मोबाइलमध्ये," एल्फस खणखणीत आवाजात म्हणाला, "या घडीला एकही पैज चालू नाही. आणि यापुढे मी पैज लावणार नाही."

"आमेन," सगळे म्हणाले. दोन-तीन म्हाताऱ्यांचं आमेन जरा खोल गेल्यासारखं वाटलं.

हात धुवायचं पाणी आलं, मक्याच्या पिठाची उगाली आली, कोंबडी आली, आणि पेरिस आत्या टोपली घेऊन आली. जो तो आपापला खासदार मागच्या ओरखड्यांवरून ओळखून उचलू लागला. माणूस एरवी मोबाइल नाकासमोर धरतो. म्झे हेझ्रॉननी तो टेबलाखाली धरला. धरला, आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. ती आठी तशीच राहिली, वर भुवया मात्र चढत गेल्या.

इकडे एल्फस आपल्या मोबाइलकडे बघत होता. आठव्या सामन्यासमोर लाल फुली होती. पैज बंद झालेली नव्हती. ती चालू राहिली होती, आणि हरली होती. ज्या घडीला तो शपथ घेत होता त्या घडीला ती चालू होती की हरून संपली होती, हे ठरवायला नॉर्वेच्या पंचाचं घड्याळ मागवावं लागेल.

"मामा," तो म्हणाला, "मी मग कोणाचं—"

"माझ्या मोबाइलला हात कोणी लावला?" म्झे हेझ्रॉन गरजले.

हेडमास्तरी सवय. आधी प्रश्न विचारायचा, विचार नंतर करायचा. शब्द तोंडातून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं असावं, पण पेरिस आत्या आता हलणार नव्हती. टोपली तिची होती.

"काय गेलं?" तिने विचारलं.

"गेलं... तसं काही नाही."

"मग ओरडतोस कशाला?"

"गेलं नाही. आलं."

"काय आलं?"

पेरिस आत्याने कमरेवर हात ठेवले. "अरे हेझ्रॉन, चोर येतात आणि घेऊन जातात हे मला ठाऊक आहे. येऊन ठेवून जाणारा चोर या वयात पहिल्यांदा ऐकते. काय ठेवून गेला?"

"जाऊ दे. कोंबडी गार होतेय."

"कोंबडी मेलेली आहे, तिला घाई नाही. रिस्पा! खोपटात कोण आलं होतं?"

मागून रिस्पाचा आवाज आला. "पाहुणा आला होता. मी बघितलं नाही, माझं तोंड भिंतीकडे होतं. भिंतीचं वर्णन हवं असेल तर करते."

एल्फस उठायला लागला. मी त्याचा कोट धरून खाली ओढला. बोलणी करणाऱ्या माणसाला कळतं, कुठे गप्प बसलं की फायदा आहे. लग्न ठरलं होतं, शपथ झाली होती, म्झेंना बोलता येत नव्हतं. अजून थोडा वेळ सगळे गप्प राहिले असते तर कोंबडीने सगळं झाकून टाकलं असतं. पण एल्फसने ट्रुफेनाकडे पाहिलं, आणि कोट माझ्या हातातून सुटला.

"म्झे, मी लावला. मला वाटलं माझाच आहे."

"वाटलं, म्हणजे?" आत्या म्हणाली. "उघडून कळलं नाही?"

"नाही, आत्या. आत सगळं तेच होतं."

पेरिस आत्या मोठ्याने विचार करू लागली, आणि तेच फार वाईट होतं. "म्हणजे तुझ्या मोबाइलमध्ये पैज होती. आणि ह्याचा मोबाइल उघडला, तर आत तुझ्यासारखंच. तंतोतंत." ती सावकाश भावाकडे वळली. "हेझ्रॉन, तू केस कुठे कापतोस रे?"

बाकीचे वडीलधारे एकाएकी हात धुवायला उठले. ते त्यांनी नुकतेच धुतले होते.

म्झे हेझ्रॉनना घाम फुटला होता, पण माणसाचं कुतूहल लाजेहून चिवट असतं. आवाज खाली आणून त्यांनी एल्फसला विचारलं, "शेवटी काय झालं तिकडे?"

"अगदी शेवटी बरोबरी झाली, म्झे."

"म्हणजे तू दाबलं नसतंस तर माझं..."

"गेलं असतं. माझं गेलं."

म्झेंनी त्याच्याकडे पाहिलं. मी इतकी वर्षं बोलणी करतोय, पण सासऱ्याने जावयाकडे असं पाहिलेलं मला आठवत नाही. त्यात राग होता, आदर होता आणि थोडा हिशेबही होता.

"ते पाहणं पुरे," पेरिस आत्या म्हणाली. "कायदा तुझा आहे. पैज लावणाऱ्याला मुलगी नाही. आता काय करायचं बोल."

एल्फस मान खाली घालून उभा होता. गाई, दुष्काळ, माझी सगळी वकिली, आता कशाचाच उपयोग नव्हता. तेवढ्यात ट्रुफेना चौकटीतून पुढे आली.

"आत्या, कायदा लावायचाच तर वयाने मोठ्यापासून लावू. आधी बाबांना घराबाहेर काढा. मग याचं बघू."

"ट्रुफेना!" म्झे म्हणाले.

"बाबा, मी याला सांगितलं होतं, शपथेच्या आधी बंद कर. याने बंद केली. कोणाची, ते सांगायचं माझ्याकडून राहिलं." ती एल्फसकडे वळली. "आण इकडे."

एल्फसने मोबाइल दिला. तिने सगळ्यांसमोर ते ॲप दाबून धरलं आणि काढून टाकलं. कुत्र्याच्या कानातली गोचीड काढावी तसं. मग त्याच्या हातात मोबाइल परत ठेवताना ती हळूच म्हणाली, "आत्ता बोललास तसंच पुढेही बोलत जा. गप्प राहिला असतास तर मी आलेच नसते." एल्फसच्या डोळ्यांत पाणी आलं. मीही जरा खिडकीकडे बघितलं. बोलणी करणाऱ्याला खिडकी लागतेच.

"आता तुमचं, बाबा."

"माझं मी काढीन," म्झे घाईने म्हणाले. "सावकाश. उद्या. चर्च झाल्यावर." आणि पोरगी आणखी काही बोलायच्या आत ते उठून उभे राहिले, कोटाची बटणं लावली आणि शाळेच्या मैदानावर बोलावं तसं बोलले. आज या घराचे डोळे उघडले. मोह म्हणजे उतारावरचा दगड, त्याला वाटेत थांबवणारा हात देव पाठवतो, आणि तो हात कोणाच्या रूपाने येईल हे आपण ठरवायचं नसतं. या छपराखाली आजपासून पैजेचं नावही निघणार नाही. आणि या मुलाने चुकीच्या मोबाइलवर का होईना, बरोबर बटण दाबलं. असा मुलगा मला मान्य आहे. बोलता बोलता आवाज कापू लागला. रिस्पा भिंतीशी मुसमुसत होती. पेरिस आत्यानेसुद्धा कापडाने नाक पुसलं, आणि मी जास्तीची कबूल केलेली ती गाय म्झेंनी तिथल्या तिथे माफ केली.

मग कोंबडी खाल्ली. कोंबडीचा घरधन्याचा मानाचा तुकडा म्झेंनी आपल्या हाताने एल्फसच्या ताटात ठेवला. आमच्याकडे असं कोणी करत नाही. खोलीतला प्रत्येक माणूस ते बघत राहिला.

निघताना म्झे हेझ्रॉन स्वतः फाटकापर्यंत पोचवायला आले. व्हॅन सुरू झाली होती. त्यांनी एल्फसच्या खांद्यावर हात टाकला, त्याला कुंपणाकडे घेतलं, मागे वळून पेरिस आत्या कुठे आहे ते पाहिलं आणि खिशातून मोबाइल काढला.

"बाळा," ते म्हणाले, "उद्या हे काढून टाकायचंच आहे. पण ते आतले पैसे बाहेर कसे काढतात, तेवढं जरा दाखवून जा. इतक्या वर्षांत कधी वेळच आली नाही."